निम्मी पाती

सोमवार, २ नोव्हेंबर

मामा,

नमस्कार. डोंगरावर फोन लागत नाही, आणि लागला तरी तुम्ही पलीकडून "कोण? कोण बोलतंय?" करत बसणार, म्हणून पत्रच बरं. उद्या मंगळवारी लाकडाची गाडी खाली येईल. गाडीवाल्याला बजावलं आहे की पत्र मामांच्या हातातच द्यायचं, दुकानाच्या फळीवर टाकून पळायचं नाही. शनिवारी तो वर येतो, तेव्हा उत्तर पाठवा.

आई ठीक आहे. ती म्हणते, सख्खा भाऊ असून पत्रात माझ्यासाठी दोन ओळी नसतात, सगळं मशीनपुराण. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही, तुमची पत्रं मीच वाचून दाखवते. तेव्हा या वेळी तिच्यासाठी काहीतरी लिहा.

आता मशीनपुराण. माझ्या शेडमध्ये बारा चेनसॉ असतात. रोज संध्याकाळी बारा साखळ्यांच्या दातांना कानस मारायची आणि सकाळी मशिनं बारा जणांच्या हातात द्यायची, हे माझं काम. कोणतं मशीन कोणाचं ते मी पाठमोरी उभी राहून आवाजावरून सांगते. पण गेले तीन आठवडे ह्यांच्या मशीनचा आवाज बदलला आहे. आधी ते गुरगुरायचं, आता किंचाळतं. परवा हे जेवायला गेले असताना मी चालू करायच्या दोरीच्या बाजूचं झाकण उघडून पाहिलं. आत फ्लायव्हीलच्या चाकावर पंख्याची जी पाती असतात ना, त्यातलं एक सोडून एक पातं मुळापासून कापलेलं. निम्मा पंखा गायब.

विचारलं तर म्हणाले, "मीच केलं. पंखा वारा ढकलण्यात ताकद खातो. पाती कमी केली की ती ताकद साखळीला मिळते. तू साखळ्या घास." आणि खोटं कशाला बोलू, रोज संध्याकाळी ह्यांचे ओंडके सगळ्यांपेक्षा जास्त भरतात. मुकादम खूश आहे. बाकीचे अकरा जण मशीनभोवती घिरट्या घालतात.

पण मशीन बंद करून दहा मिनिटं झाल्यावर मी सिलिंडरच्या झाकणाला हात लावला तर बोटाला फोड आला. पंखा इंजिन थंड ठेवायला असतो ना? मग निम्मा कापल्यावर काय होतं? तुम्ही चाळीस वर्षं मशिनं उघडलीत. खरंच फायदा होतो, की नुसता आवाजाचाच थाट?

मला भीती वाटते, मामा. कशाची ते नीट सांगता येत नाही. तो आवाज मी पूर्वी कधीतरी ऐकला आहे असं वाटत राहतं.

तुमची भाची


शुक्रवार, ६ नोव्हेंबर

कानसबाई,

पत्र हातात मिळालं. तुझा गाडीवाला मी पाकीट फोडेपर्यंत दारात उभा होता, इतका दम दिलास का त्याला?

आधी ताईसाठी. ताई, डोळ्याच्या ऑपरेशननंतर उजवा डोळा बरा आहे, डावा अजून धुक्यातच. गुडघा आपला ठरल्या वेळी दुखतो. कानांचं विचारू नकोस. दुकानात गिऱ्हाईक येऊन भांडतं आणि मी हसून मान डोलावतो, त्यामुळे सगळे मला फार सज्जन समजतात. या दोन ओळी झाल्या, मोजून घे.

आता जावईबापू. "मीच केलं" म्हणतात होय? ही युक्ती त्यांच्या जन्माआधीची आहे. त्यात तथ्य आहे, नाही असं नाही. पंखा ताकद खातो हे खरं. निम्मी पाती काढली की चाक हलकं होतं, इंजिन पटकन वर चढतं, फेरे वाढतात. हातात घेतल्यावर मशीनमध्ये भूत शिरल्यासारखं वाटतं. अंगणात दोन-चार ओंडके कापून बघणारा माणूस खूशच होतो.

पण हे इंजिन पाण्यावर थंड होत नाही, वाऱ्यावर होतं. छोट्या ओंडक्यात आठ-दहा सेकंद कापलं, हात काढला, पुढचा ओंडका धरला, तेवढ्यात त्याला श्वास मिळतो. लांब कापात मिळत नाही. मग तापतं आणि तापलं की फुलतं. पुढचं सांगायची गरज पडू नये.

वाद घालू नकोस, तपासून बघ. पाकिटात डाग द्यायच्या कथलाची तार ठेवली आहे. झाकण काढ, सिलिंडरला बाहेरून ज्या फासळ्या असतात त्यातल्या वरच्या फासळीला, धुराच्या नळीच्या उलट्या बाजूला, पेराएवढा तुकडा गुंडाळ. झाकण लावून छोटा काप घे, मोठा काप घे. धड मशीनमध्ये तार तशीच राहते. पूर्ण पंख्यावर एकदा बघ आणि निम्म्यावर एकदा. घड्याळ लाव.

जावयांना सांग, मामा काही मोडता घालत नाही, नुसतं बघा म्हणतो.

तो आवाज कुठे ऐकलास याचा फार विचार करू नकोस. सगळी मशिनं ओरडतात.

मामा


सोमवार, ९ नोव्हेंबर

मामा,

काल सुट्टी होती. हे आनंदाने तयार झाले, कारण जिंकणार याची खात्री. "हातच्या कांकणाला आरसा कशाला," म्हणाले, आणि स्वतःच जुनं पूर्ण पंख्याचं फ्लायव्हील काढून आणलं. आईला दारात खुर्ची टाकून दिली आणि तिच्या हातात घड्याळ दिलं. बारीक अक्षर दिसत नसलं तरी घड्याळाचा मोठा काटा दिसतो, आणि तिला हे काम फार आवडलं.

मांडीएवढा ओंडका: पूर्ण पंख्यावर अकरा सेकंद, निम्म्यावर दहा. हे माझ्याकडे बघून हसले.

मग कडेला पडलेलं मोठं खोड, दोघांनी मिळून मिठी मारावी एवढं. पूर्ण पंख्यावर चार मिनिटं दहा सेकंद. मशीन थंड होऊ दिलं, पंखा बदलला, त्याच खोडावर वीतभर पुढे पुन्हा काप. तिसऱ्या मिनिटापर्यंत हे पुढे होते. मग आवाज बारीक झाला, मामा. पातळ झाला. साखळी फिरत होती पण लाकूड खात नव्हती. चार मिनिटं पन्नास.

तार पाहिली. पूर्ण पंख्यावर होती तशीच. निम्म्यावर फासळीला तार नव्हतीच. खाली झाकणात एक थेंब पडला होता, तो चिकटवून पाठवते आहे, बघा.

ह्यांचं म्हणणं, एवढं जाड झाड रोज कोण कापतं? रोजचं काम छोटंच आहे, आणि छोट्यात मी पुढे आहे.

पण एक गंमत कळली. ते फ्लायव्हील ह्यांनी कापलेलं नाहीच. उन्हाळ्यात आम्ही खाली आलो होतो तेव्हा तुम्ही ह्यांना जुन्या सुट्या भागांची पत्र्याची पेटी दिलीत ना, त्यात तळाशी फडक्यात बांधलेलं मिळालं. ह्यांच्याच मशीनला बसणारं. हे समजतात की मामांनी जावयाला गुपचूप दिलेली भेट आहे, तोंडाने न सांगता. म्हणून लपवलं होतं, "बायकोला सांगितलं तर भेटीची मजा जाते" म्हणे. एका पात्याच्या मुळाशी कानशीने मारलेल्या तीन बारीक खाचा आहेत. काम इतकं सफाईदार आहे की कापलेली जागा बोटाला लागत नाही. कोणी केलं हो हे?

आई आवाज ऐकून घड्याळासकट आत निघून गेली. शेवटचा आकडा तिने आतूनच ओरडून सांगितला. नंतर मला म्हणाली, "तुझ्या बाबांचं मशीन असंच ओरडायचं." मग मला आठवलं मी तो आवाज कुठे ऐकला होता. मी आठ वर्षांची होते.

उत्तर लवकर पाठवा.

तुमची भाची


गुरुवार, १२ नोव्हेंबर

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

ते फ्लायव्हील काढा. आज, हे पत्र वाचल्यावर लगेच. पूर्ण पंख्याचं बसवा. कापलेलं माझ्याकडे गाडीवाल्याबरोबर पाठवून दे, फडक्यात बांधून, तसंच.

ते भेट नव्हतं. पेटी चुकली. एका डोळ्यावर पट्टी असताना मी फळीवरच्या दोन पेट्यांतली चुकीची दिली.

छोट्या ओंडक्यालाही वापरू नका. उभ्या झाडाला तर त्या मशीनने हातही लावायचा नाही, बोटाएवढ्या झाडालासुद्धा नाही. जावयांना सांग, मामा पाया पडतो म्हणाला.

जास्त विचारू नकोस.

मामा


सोमवार, १६ नोव्हेंबर

मामा,

आईला नाही वाचून दाखवलं. "मामाला ताप आहे, चार ओळी लिहिल्यात," असं सांगितलं. तुमच्यामुळे मी खोटं बोलले. ती मला म्हणाली, "ताप असला की तो जास्त लिहितो." तिला फसवणं सोपं नाही.

तुमचं पत्र ह्यांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "मामा आता म्हातारे झाले. वयाने माणूस भितो. कारण काहीच दिलेलं नाही, नुसतं काढा काढा." आणि मामा, खरं सांगू का, मलाही तसंच वाटलं. तुम्ही दर गोष्टीचं कारण देता. स्क्रू उलटा का फिरतो त्याचंसुद्धा देता. या वेळी का नाही?

इथे सगळं हाताबाहेर चाललं आहे. ह्यांचं बघून तिघांनी आपापल्या पंख्यांची पाती ग्राइंडरवर उडवली. एकाचं कापतानाच तडकलं. तेव्हा मुकादम आला आणि आमचं पूर्ण पंख्याचं फ्लायव्हील उचलून त्याच्या मशीनला लावून दिलं. "तुमच्याकडे दोन आहेत, त्याच्याकडे एकही नाही," म्हणाला. म्हणजे आता डोंगरावर ह्यांच्या मशीनसाठी ते तीन खाचांचं सोडून दुसरं नाही.

आणि शनिवारपासून वरच्या उतारावरची मोठी झाडं पाडायची आहेत. पहिलं, सगळ्यांत जाड, मुकादमाने ह्यांना दिलं आहे, कारण ह्यांचं मशीन सगळ्यांत वेगवान. बारा जणांसमोर सांगितलं. हे आता मागे कसे येतील? दोन दिवस शीळ घालत फिरताहेत, आणि हे घाबरले की शीळ घालतात.

मी एकदा म्हटलं, नका जाऊ. म्हणाले, "कारण दे." माझ्याकडे फक्त विरघळलेला थेंब होता. म्हणाले, "मध्ये दोनदा थांबेन, गार होऊ देईन." उभं झाड निम्मं कापून थांबता येतं का, मामा? ते त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

माझ्या जिवाला घोर लागला आहे. शनिवारी सकाळी आठला काम सुरू होईल. गाडी वर साडेदहाला पोहोचते. मला कारण पाठवा. जे असेल ते. खोटं असलं तरी चालेल, पण ह्यांना थांबवेल असं पाठवा.

भाची


मंगळवार, १७ नोव्हेंबर

बाळ,

पत्र दुपारी मिळालं. ताबडतोब गाडीवाल्याकडे गेलो, आज परत फीर म्हणून हात जोडले. त्याच्या गाडीचा आस निघालेला आहे, शुक्रवारी बसेल. शनिवारी उजाडायच्या आत निघतो म्हणाला. त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे. मी त्यात बसून यायला हवं. मी येत नाही. का, ते पत्राच्या शेवटी तुलाच कळेल.

कारण मागितलंस. खोटं कशाला, खरं आहे ते देतो.

त्या तीन खाचा माझ्या. माझी खूण होती ती. बावीस वर्षांपूर्वी मी पाती कापण्यासाठी प्रसिद्ध होतो. लांबून लोक मशिनं घेऊन यायचे. दुकानाच्या अंगणात ओंडका ठेवलेला असायचा, गिऱ्हाईक कापून बघायचं आणि हसत जायचं. नेहमी ओंडकाच. सकाळच्या गारव्यात, दहा सेकंद. मोठ्या झाडात काय होतं ते मी कधी बघायला गेलो नाही. वापरणाऱ्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

ते फ्लायव्हील मी तुझ्या बाबांसाठी केलं. माझं सगळ्यांत चांगलं काम. हातात देताना म्हटलं, "दाजी, असं दुसरं होणार नाही, जपून वापरा." हे वाक्य मला रोज ऐकू येतं. बाकी काही ऐकू येत नाही, हे येतं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मोठं झाड घेतलं. झाड पडायच्या बाजूला खाच झाली होती, मागून काप चालू होता. पाचर ठोकणारा माणूस शेजारी होता, त्याने मला नंतर सांगितलं. मशीनचा आवाज पातळ झाला, अजून पातळ झाला आणि एकदम थांबला. आत पिस्टन तापून फुलला आणि सिलिंडरला चिकटला. झाड दोन तृतीयांश कापलेलं, साखळीची पट्टी कापात अडकलेली. असं झाड कोणाच्या मर्जीवर उभं नसतं, वाऱ्याच्या मर्जीवर असतं. पाचरवाला मागे पळाला आणि ओरडला, सोडा. तुझे बाबा पळाले नाहीत. दोन्ही हातांनी मशीन ओढत राहिले. मेव्हण्याने दिलेलं, असं दुसरं होणार नाही असं. तेवढ्यात वारा आला.

पुढचं तुला माहीत आहे.

मशीन तपासायला माझ्याचकडे आणलं. मी एकट्याने उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे, नांगरल्यासारखे. मी बाहेर येऊन चार माणसांसमोर सांगितलं, "मशीन ठीक आहे." मग सगळे म्हणाले, माणसाचं लक्ष नव्हतं. आणि तुझी आई म्हणाली, हो, नव्हतं, माझ्यामुळे नव्हतं. त्या सकाळी तुला शाळेचे बूट आणायला न्यायचं कबूल करूनही ते कामावर निघाले, म्हणून ती त्यांना म्हणाली होती, "जा, आणि येऊच नका परत." तुला हे तिने कधी सांगितलं नसेल. मला सांगितलं, त्याच दिवशी. मी तिच्याशेजारी बसलो होतो. तोंड उघडलं असतं तर तिचं ओझं त्या क्षणी उतरलं असतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

त्यानंतर एकही पंखा कापला नाही. ते फ्लायव्हील फेकता आलं नाही. फेकलं तर सुटलो असतो, आणि सुटायचा मला हक्क नाही असं वाटायचं. आता वाटतं, ते भट्टीत टाकायला हवं होतं आणि तोंड उघडायला हवं होतं. मी बरोबर उलटं केलं.

शनिवारी मी येत नाही, कारण तुझी आई तिथे आहे. एवढाच भित्रा आहे मी.

जावयांना हे पत्र वाचायला दे. आणि पत्र पोहोचायला उशीर झाला, ते आधीच झाडाखाली असले, तर एवढंच सांग: आवाज पातळ झाला की मशीन सोडायचं. ओढायचं नाही, वाकायचं नाही, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. तिरकं मागे चालायला लागायचं. मशीन दुसरं मिळतं.

मामा


सोमवार, २३ नोव्हेंबर

मामा,

हे जिवंत आहेत. पहिल्या ओळीत लिहिते, म्हणजे पुढचं नीट वाचाल.

आता क्रमाने. शुक्रवारी संध्याकाळी मी एक काम केलं. आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम साखळी वाईट घासली. ह्यांच्या साखळीचे उजव्या बाजूचे दात डाव्यांपेक्षा आखूड केले. अशी साखळी सरळ कापत नाही, एका अंगाला ओढते. माझा हिशोब असा, की हे रोज सकाळी शेडसमोरच्या ओंडक्यावर एक काप मारून बघतात. बघतील, चिडतील, साखळी माझ्या अंगावर फेकतील. मी नवीन घासायला दोन तास लावीन. तोवर गाडी येईल.

शनिवारी मुकादम घाईत होता. ह्यांनी ओंडक्यावर मारून पाहिलं नाही. मशीन खांद्यावर टाकलं आणि निघाले. मी दारात उभी होते. "थांबा, साखळी बिघडली आहे," एवढं म्हणायचं होतं. बारा माणसं बघत होती. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. मामा, मला अजून कळत नाही का फुटला नाही.

गाडी दहाला आली. वर बुंध्याभोवतीची झुडपं कोयत्याने साफ करण्यातच ह्यांचे दोन तास गेले होते. गाडीवाल्याने हॉर्न दाबत पाकीट हातात दिलं. मी उभ्याने वाचलं. "मशीनचा आवाज पातळ झाला" इथपर्यंत आले आणि वरून उतारावरून तोच आवाज ऐकू आला. कागदात आणि कानात एकाच वेळी. मी पळाले. चप्पल कुठे राहिली माहीत नाही. अर्ध्या चढावर असताना आवाज थांबला.

तशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. वर पोहोचले तर झाड उभं, पाचरवाला लांब, आणि हे वाकून दोन्ही हातांनी मशीन ओढताहेत. पाय बुंध्याला लावून. मी ओरडले, "सोडा ते." हे बघेनात. पाचरवालाही ओरडत होता. मग मी त्यांना नावाने हाक मारली. नऊ वर्षांत कधी मारली नव्हती, तुम्हाला माहीत आहे, "अहो" च्या पुढे माझी गाडी जात नाही. एकेरीत, नुसतं नाव. हे इतके दचकले की हात सुटले आणि "काय झालं?" करत माझ्याकडे चार पावलं आले. पाचव्या पावलाला मागे झाड गेलं.

एक फांदी खांद्याला लागली. हाड मोडलेलं नाही, हात गळ्यात बांधला आहे. मशीन झाडाखाली चपटं झालं. काल ते काढलं, फ्लायव्हीलचे तीन तुकडे झाले आहेत. खाचांचा तुकडा माझ्याकडे आहे. तो तुम्हाला पाठवणार नाही.

मुकादम स्वतः उद्या गाडीबरोबर खाली येतो आहे, कापलेल्या उरलेल्या दोन्ही मशिनांसाठी पूर्ण पंख्यांची फ्लायव्हील घ्यायला. फायदा होतो की नाही, हे त्याला आता कोणी सांगावं लागलं नाही. झाडाने सांगितलं.

आता तुमचं आणि माझं. तुमचं पत्र मी पूर्ण नंतर वाचलं, बसून. मला तुमचा फार राग आला. बाबांसाठी आला, आणि आईसाठी जास्त आला. ती अजून त्या दुकानासमोरून जाताना मान वळवते, जिथून माझे बूट आणायचे होते. मला वाटायचं तिला ते दुकान आवडत नाही.

मग वाटलं, मी कोणाला बोलते आहे? मीही मशीनला हात लावला. आखूड दातांमुळे काप वाकडा गेला, पट्टी आवळली गेली, मशीनवर जोर जास्त आला. पंखा निम्मा होता हे खरं, पण साखळी माझी होती. कदाचित नीट साखळीवर मशीन अडकायच्या आधीच झाड पडलं असतं आणि काहीच झालं नसतं. ते मला कधीच कळणार नाही. आणि ह्यांना मी अजून सांगितलेलं नाही. सगळे म्हणताहेत, बायकोने वाचवलं. मी मान खाली घालते, लोकांना वाटतं लाजते आहे. आज तिसरा दिवस आहे. किती सोपं आहे, मामा, न बोलणं. रोज थोडं जास्त सोपं होतं. याच वाटेने तुमची बावीस वर्षं गेली असणार, आणि त्याचीच मला आता सगळ्यात जास्त भीती वाटते.

म्हणून तुम्ही या. या शनिवारी, गाडीवाल्याशेजारच्या त्या रिकाम्या जागेत. आईला तुम्हीच सांगायचं, माझ्या तोंडून नाही आणि कागदावरून नाही. ती काय म्हणेल ते तुम्हाला ऐकू येणार नाही. मी शेजारी बसेन आणि तिचं बोलणं लिहून तुमच्यापुढे धरेन.

तुमचं झालं की त्याच खोलीत ह्यांना बोलावून मी माझं सांगेन. पण आधी तुम्ही. तुम्ही मोठे आहात.

तुमची भाची


मंगळवार, २४ नोव्हेंबर

बाळ,

मुकादम दुकानात बसला आहे, उद्या दुसऱ्या गाडीने वर येतो म्हणतो, त्याच्याच हाती ही चिठ्ठी देतो. त्याला हवी ती फ्लायव्हील दिली. प्रत्येकाची पाती त्याच्यादेखत बोटाने मोजली.

शनिवारी येतो. गाडीवाल्याला जागा सांगून ठेवली. पिशवी आत्ताच भरून ठेवली आहे, जणू आजच निघायचं आहे. ताईला आधी काही सांगू नकोस, पण मी येतोय एवढं सांग, नाहीतर स्वयंपाकावरून तुलाच बोलेल.

साखळीचं. मला विचारशील तर झाड पंख्याने अडकलं. पण माझं ऐकून तू गप्प बसू नकोस. मशीन ठीक आहे असं मीच एकदा सांगितलं होतं.

एक कोरी वही घेऊन येतो, आणि जाड शिसाची पेन्सिल, म्हणजे मला वाचता येईल. तुझी आई जे बोलेल ते सगळं लिही. ती थांबेल तिथे थांब, ती ओरडेल ते मोठ्या अक्षरात लिही. माझ्याकडे बघून एकही शब्द मऊ करू नकोस.

मामा